चौकटी, बाण आणि रेंगाळणारी स्टाइलशीट : ड्रॉ-आयओच्या एक्सएमएलवर एक्सएसएलटी वेगात कशी चालवायची

ड्रॉ-आयओ या आकृत्या काढायच्या साधनात काढलेली आकृती स्टाइलशीटमधून (म्हणजे एक्सएसएलटी या एक्सएमएलच्या रूपांतराच्या भाषेत लिहिलेल्या कोडमधून) टाकून तिच्यातून यादी, एसव्हीजी किंवा एचटीएमएलचा अहवाल काढायचा, हे काम सुरुवातीला मजेचं वाटतं. पन्नास चौकटींच्या आकृतीवर सगळं चुटकीसरशी होतं. तीच स्टाइलशीट तीन हजार चौकटींच्या नेटवर्क-नकाशावर चालवली की चहा पिऊन आलात तरी कर्सर तिथल्या तिथे लुकलुकत असतो. मग पहिला संशय रिकर्शनवर जातो, कारण टेम्प्लेट (स्टाइलशीटमधला रूपांतराचा एकेक नियम) स्वतःलाच हाक मारतंय हे डोळ्यांना दिसतं. माझ्या अनुभवात रिकर्शन बहुतेक वेळा निर्दोष सुटतं. खरी वेळ खाते ती त्याच्या प्रत्येक पावलावर विचारलेली क्वेरी. ती महाग असेल तर हजारो वेळा महाग पडते.

पुढे कोडमधली नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थात रोमन लिपीतच टाइप करायची.

फाइलच्या पोटात काय असतं

ड्रॉ-आयओची फाइल म्हणजे एमएक्सफाइल, तिच्यात एकेका पानासाठी एकेक डायग्राम, त्यात एमएक्सग्राफमॉडेल, त्यात रूट आणि रूटखाली एमएक्ससेलची लांबच लांब रांग. ही रांग सपाट असते, आणि सगळी गोम तिथेच आहे. पडद्यावर एका मोठ्या चौकटीत दुसरी चौकट बसलेली दिसते, पण एक्सएमएलमध्ये त्या दोघी शेजारी-शेजारी उभ्या असतात. कोण कुणाच्या पोटात, हे फक्त ‘पेरंट’ या ॲट्रिब्यूटवरून कळतं. बाणही एमएक्ससेलच. त्याच्यावर एज १ (बाण असल्याची खूण), ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ असं लिहिलेलं असतं. सहसा आयडी ० ही मूळ सेल आणि आयडी १ हा नेहमीचा थर.

म्हणजे झाडाच्या फांद्यांवरून चालायचं जे काम एक्सपाथ (एक्सएमएलमधले घटक शोधायची भाषा) उत्तम करतं, ते इथे उपयोगाचंच नाही. प्रत्येक नातं आयडी शोधून जुळवावं लागतं. आकृतीवरची स्टाइलशीट मंद होण्याचं मूळ कारण हेच.

फाइल उघडल्यावर डायग्रामच्या आत टॅगऐवजी निरर्थक अक्षरांचा ढीग दिसला, तर ती दाबून ठेवलेली आहे. एक्सएसएलटीला तो नुसता मजकूर वाटतो आणि निकाल रिकामा येतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘कम्प्रेस्ड’ची खूण काढा आणि पुन्हा सेव्ह करा.

आधी मोजा

स्टाइलशीट चालवायला एक्सएसएलटीप्रोक हे इंजिन वापरत असाल तर दोन पर्याय हाताशी ठेवा. ‘टायमिंग’ लावलं की स्टाइलशीट वाचायला, फाइल वाचायला, प्रत्यक्ष रूपांतराला आणि लिहायला किती वेळ गेला ते वेगवेगळं कळतं. ‘प्रोफाइल’ लावलं की कोणतं टेम्प्लेट किती वेळा हाकारलं गेलं, त्यात एकूण किती आणि सरासरी किती वेळ गेला याचा तक्ता मिळतो. सॅक्सन या दुसऱ्या इंजिनमध्ये ‘टी’ने वेळ आणि ‘टीपी’ने एचटीएमएल अहवाल मिळतो.

तक्त्यात दोन आकडे एकत्र वाचायचे. हाका थोड्या आणि सरासरी मोठी असेल, तर त्या टेम्प्लेटमधली क्वेरी महाग आहे. सरासरी किरकोळ पण हाका चौकटींच्या संख्येपेक्षा कितीतरी पट जास्त असतील, तर स्टाइलशीट एकाच चौकटीवर पुन्हा पुन्हा येतेय. या दोन आजारांवरची औषधं वेगळी आहेत. पहिल्यावर किल्ली (शोधासाठी आधीच बांधून ठेवलेला तक्ता, पुढे येतोच), दुसऱ्यावर वाट बदलणं. न मोजता दोन्ही औषधं एकदम पाजणारे मी पाहिलेत, आणि ते काम एकदा मीही केलंय. वेग वाढला, पण कशाने वाढला ते कळलं नाही आणि पुढच्या फाइलला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एका इंजिनवरचं मोजमाप दुसऱ्यावर धरून चालू नका. सॅक्सनची एंटरप्राइज आवृत्ती काही शोधांसाठी स्वतःच सूची बांधते. तिथे झपाट्याने चाललेली स्टाइलशीट एक्सएसएलटीप्रोकवर गोगलगाय होऊ शकते. ज्या इंजिनवर ती रोज चालणार, त्यावरच मोजा.

पहिली फेरी : स्वच्छ प्रत

मूळ फाइलवर थेट काम न करता आधी एक छोटी स्टाइलशीट चालवून स्वच्छ, मधली फाइल बनवावी असं माझं ठाम मत आहे. दोन फेऱ्या म्हणजे दुप्पट वेळ असं वाटतं, पण ही फेरी रांगेवरून एकदाच सरळ जाते. पुढची डोकेदुखी मात्र निम्म्याहून कमी होते, कारण मूळ फाइलमध्ये चार सापळे आहेत.

एक : चौकटीला कुणी स्वतःची माहिती जोडली असेल (आयपी पत्ता, मालक, किंमत), तर ड्रॉ-आयओ त्या सेलभोवती ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘यूजरऑब्जेक्ट’ असं वेष्टन घालतं. मग आयडी वेष्टनावर जातो आणि नाव ‘व्हॅल्यू’ऐवजी ‘लेबल’मध्ये. पेरंट, सोर्स, टार्गेट आतल्या सेलवरच राहतात. नुसत्या सेलच्या आयडीवर शोधणाऱ्या स्टाइलशीटला अशा चौकटी सापडतच नाहीत, आणि कसली तक्रारही येत नाही.

दोन : ० आणि १ हे आयडी बहुतेक पानांवर पुन्हा येतात. अख्ख्या फाइलवर शोध घेतला तर पहिल्या पानाच्या थरात पाचव्या पानाच्या चौकटी येऊन बसतात.

तीन : बाणावर लिहिलेली पाटी बऱ्याचदा वेगळी सेल असते. तिच्यावर व्हर्टेक्स १ (चौकटीची खूण) असतं, तिचा पेरंट तो बाण असतो आणि स्टाइलमध्ये ‘एजलेबल’ असतं. चौकटी मोजताना ती चौकट म्हणून मोजली जाते.

चार : काही बाणांना सोर्स किंवा टार्गेट नसतोच. काढणाऱ्याने बाणाचं टोक चौकटीजवळ नेऊन सोडलेलं असतं, जोडलेलं नसतं. पडद्यावर फरक दिसत नाही.

स्वच्छ प्रतीत चौकटींना ‘चौकट’ आणि बाणांना ‘बाण’ अशी वेगळी नावं द्या. आयडी, पेरंट, सोर्स, टार्गेट आणि लेबल एकाच जागी आणा. पाट्या त्यांच्या बाणात घाला, लटकते बाण वेगळ्या नावाने बाजूला काढा. पानागणिक वेगळी फाइल लिहा. एक्सएसएलटी १.० मध्ये (ही शिफारस १९९९ची, आणि एक्सएसएलटीप्रोक आजही तिच्यावरच चालतं) किल्लीचा शोध एका पानापुरता मर्यादित करायची सोय नाही. २००७च्या २.० मध्ये किल्लीला तिसरा आर्ग्युमेंट देता येतो आणि शोध तेवढ्या फांदीपुरताच राहतो. तिथे पानं वेगळी केली नाहीत तरी चालतं.

स्टाइलच्या दोरीतून (म्हणजे स्ट्रिंगमधून) रंग वगैरे काढायचे असतील तर तेही इथेच उरका. ‘राउंडेड=१;फिलकलर=…;’ अशा दोरीचे अर्धविरामांवर तुकडे करणारं रिकर्सिव्ह टेम्प्लेट मी कित्येक स्टाइलशीटमध्ये पाहिलंय. त्याची गरज नाही. दोरीच्या दोन्ही टोकांना अर्धविराम चिकटवा, ‘;फिलकलर=’च्या नंतरचा भाग घ्या, त्यातला पुढच्या अर्धविरामाआधीचा भाग घ्या. दोन फंक्शनांत काम झालं.

आणि ‘स्ट्रिप-स्पेस’ लावा. नीट मांडलेल्या फाइलमध्ये प्रत्येक सेलनंतर मोकळ्या जागेचा एक टेक्स्ट-नोड (नोड म्हणजे एक्सएमएलच्या झाडातला एकेक घटक) असतो. तो मेमरीही खातो आणि पोझिशनचे आकडेही बिघडवतो.

किल्ली

मराठी लेखात या घटकाला ‘की’ म्हटलं की वाक्यच अडखळतं, म्हणून मी किल्लीच म्हणतो.

बहुतेक स्टाइलशीटमध्ये बाणाचं टोक असं शोधलेलं असतं :

//चौकट[@आयडी = $हवा]

याचा अर्थ, अख्खी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळा आणि प्रत्येक चौकटीचा आयडी तपासा. हिशेब करून बघा. समजा मूळ फाइलमध्ये ३००० चौकटी आणि ४००० बाण आहेत, म्हणजे ७००० सेल. प्रत्येक बाणाची दोन टोकं शोधायची म्हणजे ८००० शोध. प्रत्येक शोधात ७००० सेल चाळल्या तर ५ कोटी ६० लाख तपासण्या. आकृती दुप्पट झाली की हा आकडा चौपट होतो. पन्नास चौकटींवर काही जाणवत नाही ते यामुळेच.

‘दोन तिरप्या रेघा टाळा, पूर्ण पाथ लिहा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. पूर्ण पाथ दिला की इंजिन सेलच्या पोटातल्या भूमितीत (जागा आणि आकार लिहिलेल्या घटकात) डोकावत नाही, तेवढाच वेळ वाचतो. ७००० सेलची रांग मात्र प्रत्येक वेळी चाळली जातेच. आयडी फंक्शनही इथे कामाचं नाही. त्याला डीटीडीमध्ये (फाइलच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या भागात) आयडी म्हणून जाहीर केलेलं ॲट्रिब्यूट लागतं, आणि ड्रॉ-आयओच्या फाइलला डीटीडी नसतो.

स्टाइलशीटच्या सर्वांत वरच्या पातळीवर चार किल्ल्या जाहीर करा :

‘चौकट-आयडी’ : मॅच चौकट, यूज @आयडी
‘पोटातल्या’ : मॅच चौकट, यूज @पेरंट
‘निघणारे’ : मॅच बाण, यूज @सोर्स
‘येणारे’ : मॅच बाण, यूज @टार्गेट

इंजिन प्रत्येक किल्लीसाठी फाइल एकदा चाळून तक्ता बांधतं आणि पुढचे शोध त्या तक्त्यावरून देतं. ८००० शोध तेवढेच राहतात, पण प्रत्येकामागचं चाळणं संपतं. एवढ्या एका बदलाने बरेच जण थांबू शकतील.

एक खाचखळगा सांगतो. १.० मध्ये किल्ली ज्या दस्तऐवजात आपण त्या क्षणी उभे आहोत त्यातच शोधते. स्वच्छ प्रत फाइलऐवजी व्हेरिएबलमध्ये ठेवलीत तर आधी ईएक्सएसएलटीच्या (एक्सएसएलटीला जोडलेल्या जादा फंक्शनांच्या संग्रहाच्या) नोड-सेट विस्ताराने तिचे नोड करावे लागतात आणि फॉर-ईच लावून तिच्यात पाऊल टाकावं लागतं, मगच किल्ली लागते. बाहेर उभं राहून विचारलंत तर रिकामं उत्तर येतं, चूक म्हणून काही दाखवलं जात नाही. मी फाइल लिहितो आणि मोकळा होतो.

वरून खाली उतरणं

आता रिकर्शन. थरापासून सुरुवात करून ‘पोटातल्या’ किल्लीने आतल्या चौकटी घ्यायच्या, त्यांच्यावर अप्लाय-टेम्प्लेट्स (जुळणारं टेम्प्लेट लावायची आज्ञा), पुन्हा त्यांच्या पोटातल्या. प्रत्येक चौकट एकदाच भेटते.

जागेचे आकडे काढताना मात्र लोक उलटे चढतात. चौकटीचा एक्स आणि वाय तिच्या पेरंटच्या कोपऱ्यापासून मोजलेला असतो. म्हणून पानावरची खरी जागा काढायला प्रत्येक चौकट आजोबा-पणजोबांपर्यंत चढत जाते. घरट्यांची (एकात एक बसलेल्या चौकटींची) खोली चार-पाचच असते, त्यामुळे किल्ली असेल तर हे परवडतं, पण उतरतानाच बेरीज सोबत नेली तर चढायची गरजच उरत नाही. टेम्प्लेटला दोन पॅरामीटर द्या, आतापर्यंतचा एक्स आणि आतापर्यंतचा वाय, आणि आत उतरताना आपले आकडे त्यात मिळवून पुढे द्या.

इथे एक गंमत आहे. एक्स किंवा वाय शून्य असेल तर ड्रॉ-आयओ ते ॲट्रिब्यूट लिहीतच नाही. नसलेल्या ॲट्रिब्यूटची बेरीज केली की उत्तर ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडाच नाही’) येतं, आणि एकदा नॅन आला की त्या चौकटीच्या पोटातल्या सगळ्यांच्या वाट्याला नॅनच. चूज-व्हेन लिहीत बसण्याऐवजी सम फंक्शन वापरा. रिकाम्या संचाची सम शून्य येते. भूमितीवर रिलेटिव्ह १ लिहिलेलं असेल, जसं बाणावरच्या पाट्यांना असतं, तिथे ही बेरीज लागू होत नाही. ते आकडे वेगळ्याच मापाचे असतात.

चौकटींना अनुक्रमांक द्यायचा असेल तर आधीच्या भावंडांची मोजणी करू नका. सपाट रांगेत ती फार महागात पडते. ७००० भावंडांसाठी सुमारे २ कोटी ४५ लाख पावलं. अप्लाय-टेम्प्लेट्सने निवडलेल्या संचात पोझिशन आपोआप मिळते. एरवी प्रत्येक सेल मागच्या सगळ्यांना मोजत बसते.

बाणांवरून चालणं

पोटातल्या चौकटींचं झाड असतं. बाणांचं जाळं असतं. इथे रिकर्शन खरंच दोषी ठरू शकतं.

मंजुरीच्या प्रक्रियेची आकृती घ्या. एका चौकटीतून दोन बाण फुटतात, ‘हो’ आणि ‘नाही’, दोन्ही वाटा आपापल्या एकेका चौकटीतून जाऊन पुढे एका चौकटीत मिळतात, म्हणजे हिऱ्यासारखा आकार होतो. असे २० हिरे एकापुढे एक जोडले तर एकूण चौकटी फक्त ६१ आणि बाण ८०. पण ‘या चौकटीतून निघणाऱ्या प्रत्येक बाणावरून पुढे जा’ असं साधं रिकर्शन लिहिलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या वाटा होतात १० लाख ४८ हजार ५७६. शेवटची चौकट तितक्या वेळा भेटते. प्रोफाइलच्या तक्त्यात हाकांचा आकडा फुगलेला दिसतो तो असा. कितीही चांगली किल्ली लावली तरी हा आजार जात नाही.

आणि ‘नामंजूर’चा बाण मागे वळून पहिल्या चौकटीवर आला असेल तर वाटांना अंतच नाही. एक्सएसएलटीप्रोक ३००० पातळ्यांवर थांबतं आणि अनंत रिकर्शनची शंका येत असल्याचं सांगतं. ‘मॅक्सडेप्थ’ वाढवून ही मर्यादा उठवता येते. बहुतेक जण तेच करतात आणि मग स्टॅक फुटतो. आधी चक्र आहे का ते बघा.

‘भेट दिलेल्या’ चौकटींची यादी पॅरामीटरमधून पुढे नेणं हा पहिला सुचणारा उपाय. आयडींची उभ्या रेघांनी जोडलेली दोरी करायची आणि कंटेन्सने तपासायचं. त्याने चक्र थांबतं. हिरे थांबत नाहीत. एक्सएसएलटीत व्हेरिएबल बदलता येत नाही, त्यामुळे ‘हो’च्या वाटेवर जमलेली यादी ‘नाही’च्या वाटेला कळतच नाही. प्रत्येक फांदी आपलीच यादी घेऊन चालते.

उपाय आहे एकेक चौकट घेऊन न चालता पातळीच्या पातळी पुढे सरकवण्याचा. टेम्प्लेटला दोन नोड-संच द्या : ‘आघाडी’, म्हणजे या पातळीवरच्या सगळ्या चौकटी, आणि ‘पाहिलेल्या’. पुढची पातळी एका ओळीत मिळते :

किल्ली('चौकट-आयडी', किल्ली('निघणारे', $आघाडी/@आयडी)/@टार्गेट)

किल्लीला एक आयडी न देता अख्खा नोड-संच दिला तर ती सगळ्यांची उत्तरं एकत्र करून देते, आणि एकत्र करताना दुबार आलेली चौकट एकदाच धरते. ही सोय १.० पासून आहे, पण फार कमी लोक वापरतात. हिऱ्याच्या दोन्ही वाटा जिथे मिळतात ती चौकट त्यामुळे एकदाच येते. मिळालेल्या संचातून ‘पाहिलेल्या’ वजा करा (२.० मध्ये एक्सेप्टने, १.० मध्ये ईएक्सएसएलटीच्या संच-विस्तारातल्या डिफरन्सने), उरलेला संच रिकामा असेल तर थांबा, नसेल तर तोच नवी आघाडी करून टेम्प्लेट पुन्हा हाकारा. वरचे २० हिरे ४० पातळ्यांत संपतात. चक्र असलं तरी आपोआप संपतं, कारण पाहिलेलीच चौकट पुन्हा आघाडीवर येत नाही. रिकर्शनची खोली आता चौकटींच्या संख्येवर नाही, पातळ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. ३००० ची मर्यादा क्वचितच आड येते.

हे ‘कुठवर पोहोचता येतं’ या प्रश्नाचं उत्तर झालं. ‘सर्वांत लांब वाट किती’ असं विचारायचं असेल तर पातळ्या पुरत नाहीत. तिथे २०१७च्या एक्सएसएलटी ३.० मधलं फंक्शन आणि त्यावरचं ‘कॅश’ ॲट्रिब्यूट कामाला येतं. चौकट दिली की तिथून पुढची लांबी सांगणारं फंक्शन लिहा आणि कॅशला ‘येस’ द्या. इंजिनाने ती सूचना पाळली तर ६१ चौकटींसाठी ६१ हिशेब होतात, दहा लाख नाही. पाळलीच पाहिजे अशी सक्ती मात्र नाही, तेव्हा प्रोफाइलमध्ये हाका मोजून खात्री करा. आणि चक्र असेल तर हे फंक्शन तुम्हाला वाचवणार नाही. आधी पातळ्यांच्या पद्धतीने चक्र तपासा, मगच हे चालवा.

छोट्या गोष्टी

टेम्प्लेटच्या आत लिहिलेलं व्हेरिएबल प्रत्येक हाकेला नव्याने मोजलं जातं. सगळीकडे तेच लागणारं काही असेल, जसं लटकत्या बाणांची संख्या किंवा मूळ चौकटींचा संच, तर ते सर्वांत वरच्या पातळीवर न्या.

टेम्प्लेटच्या मॅचमधली अट साधी ठेवा. तिथे अख्खी फाइल चाळणारी अट टाकली तर ती भेटलेल्या प्रत्येक नोडवर तपासली जाऊ शकते, आणि प्रोफाइलच्या तक्त्यात ती कुठे लपलीय ते चटकन सापडत नाही.

शेकडो आकृत्या आहेत आणि त्यांना रोज वेगवेगळे प्रश्न विचारायचे आहेत, असं असेल तर स्टाइलशीटचा अट्टाहास सोडा. बेसएक्ससारख्या एक्सएमएल डेटाबेसमध्ये स्वच्छ प्रती भरा. तो ॲट्रिब्यूटच्या किमतींची सूची डिस्कवरच ठेवतो, दर वेळी तक्ता बांधावा लागत नाही.

जुना आणि नवा निकाल ताडून पाहणं

काम सुरू करायच्या आधी जुन्या, मंद स्टाइलशीटचा निकाल एका मध्यम आकृतीवर काढून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर नवा निकाल त्याच्याशी डिफने (दोन फाइलींमधला फरक दाखवणाऱ्या साधनाने) ताडा. मध्यम अशासाठी, की जुनी स्टाइलशीट मोठ्या फाइलवर संपायची वाट बघण्यात दुपार जाते. दोन गोष्टींमुळे डिफ उगाच लाल होतो. निकालात जनरेट-आयडीने बनवलेली नावं असतील तर ती दर वेळी सारखीच येतील याची हमी नाही. त्याऐवजी आकृतीतलेच आयडी वापरा. आणि पातळ्यांच्या पद्धतीने चौकटींचा क्रम बदलतो, म्हणून दोन्ही निकाल आयडीवर सॉर्ट करून मगच ताडा.

त्यानंतरही फरक उरला तर तो नव्या स्टाइलशीटचाच दोष असेल असं धरू नका. वेष्टनातल्या चौकटी जुनीला कधी सापडल्याच नसतील, किंवा बाणावरच्या पाट्या तिने चौकटी म्हणून मोजल्या असतील. अशा प्रत्येक फरकाची चौकट ड्रॉ-आयओमध्ये उघडून डोळ्यांनी बघा.